नाइट ड्रेसमधला वाढदिवस: संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत काय खायला द्यायचं

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला तिने दोनच गोष्टी मागितल्या. सगळ्यांनी नाइट ड्रेस घालून यायचं, आणि ज्यांना घरून परवानगी मिळेल त्यांनी रात्री राहायचं. डोंबिवलीतलं आमचं घर दोन खोल्या आणि हॉल एवढंच. त्यात बारा मुलं. आठ मुली राहणार होत्या, चार जण रात्री घरी जाणार होते. शिवाय माझा चार वर्षांचा धाकटा, तो मोजणीत नसला तरी प्रत्येक ताटलीत होता.

एरवीच्या वाढदिवसाचं खाणं दोन तासांत आटपतं. वेफर्स, केक, सामोसा, हातात रिटर्न गिफ्ट, झालं. पायजमा पार्टीचं खाणं सोळा तास चालतं, त्यातलं बरंचसं गादीच्या आसपास होतं, आणि शेवटी ही मुलं परक्या घरात झोपणार असतात. माझ्या मते सगळा विचार इथूनच सुरू करावा. सात-आठ वर्षांचं मूल रात्री आईशिवाय झोपतं तेव्हा त्याच्या पोटात ओळखीचं काहीतरी असायला हवं. मऊ, कमी तिखट, घरी जेवतो तसं. गंमत हवीच, पण ती संध्याकाळी. जसजशी रात्र होईल तसतसं खाणं साधं होत गेलं पाहिजे.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. २०२२ साली, सातव्या वाढदिवसाला, मी पावभाजी केली. मुलांना आवडते, एका पातेल्यात होते, एवढाच हिशोब. केक कापायला साडेसात वाजले, पावभाजी हातात यायला पावणेनऊ. तोवर मुलं केक आणि कोल्ड्रिंकवर पोट भरून गाद्यांवर पसरली होती. कुणी दोन घास खाल्ले, कुणी नुसताच पाव. शेजारच्या काकूंकडून मागून आणलेल्या गादीवर भाजीची अख्खी ताटली उपडी झाली. मी घाईने साबण लावला तर हळदीचा डाग लालभडक झाला. (हळदीला साबण लागला की लाल होते, नंतर धुऊन कडक उन्हात घातलं की डाग फिका पडतो. दोन दिवस ती खोळ गच्चीवर होती.) रात्री एका मुलीला उलटी झाली, आणि दुसरी एक साडेअकराला उठून म्हणाली, "काकू, मला भूक लागलीये." तिच्यासमोर ठेवायला माझ्याकडे थंड पाव होता. तिचा तो चेहरा मी विसरले नाही. पुढच्या वर्षीचा सगळा बेत मी तिच्यासाठीच आखला असं म्हटलं तरी चालेल.

आधी फोन, मग यादी

काय करायचं हे ठरवण्याआधी प्रत्येक घरी फोन करा. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि खरी गोष्ट कुणी लिहीत नाही. मी चारच प्रश्न विचारते. काही खाल्ल्याने त्रास होतो का, शेंगदाणे, दूध, अंडं, काजू-बदाम, काहीही? घरात काय खात नाहीत? रात्री किती वाजता जेवायची सवय आहे? आणि रात्री उठवून बाथरूमला न्यावं लागतं का? शेवटचा प्रश्न खाण्याचा वाटत नाही, पण आहे. या वयात अंथरूण ओलं होणं काही फार वेगळं नाही, आणि कोणाला किती वाजेपर्यंत दूध-पाणी द्यायचं ते त्यावर ठरतं. एका आईने मला हे हळूच सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजातच कळलं की कुणी विचारलं म्हणून तिला बरं वाटलंय. तिच्या मुलीच्या चादरीखाली मी प्लास्टिक घातलं, अकराला तिला उठवलं, आणि इतर मुलींना काही कळलं नाही.

२०२३ साली या फोनांनी माझं सगळं वेळापत्रकच बदललं. शनिवार, २८ ऑक्टोबर ठरवला होता. त्या दिवशी कोजागरी, म्हणून मी खुशीत होते: गच्चीवर चंद्र, मसाला दूध, नाइट ड्रेसमधली मुलं. नंतर सासूबाईंनी कॅलेंडर समोर धरलं. त्याच रात्री एकच्या सुमाराला खंडग्रास चंद्रग्रहण. एका घरी वेध पाळतात, मुलांना सवलत असली तरी उशिरा खायला घालू नका म्हणाले. दुसरी मुलगी जैन, तिला सूर्यास्तानंतर फक्त पाणी, आणि बटाटा, कांदा, लसूण, गाजर काहीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे साडेसहाला केक कापला तर ती मुलगी केकही खाऊ शकणार नव्हती.

मी सगळंच आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दोन तास अलीकडे ओढलं. मुलं पावणेपाचला, औक्षण सव्वापाचला, केक साडेपाचला, जेवण सातला, दूध सव्वाआठला, दात घासून नऊला अंथरुणात. एका मुलीसाठी केलेला हा बदल सगळ्यांना इतका मानवला की ग्रहण नसेल, कोणी जैन नसेल, तरी मी आता हेच वेळापत्रक धरते. केक लवकर झाला की जेवणापर्यंत पुन्हा भूक लागते. साखरेने मुलं चेकाळतात असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती चेकाळतात एकमेकांना बघून. पण चॉकलेट आणि कोला यांत कॅफीन असतं, म्हणून चॉकलेटचं जे काही असेल ते दिवसाउजेडीच संपवा आणि कोला आणूच नका. त्याऐवजी लिंबू किंवा कोकम सरबत.

त्या जैन मुलीसाठी मी पाच वाजता दोन गरम फुलके, तूप आणि टोमॅटो-ढोबळी मिरचीची भाजी केली. आंबवलेलं पीठ त्यांच्याकडे चालतं की नाही हे घराघरावर असतं, म्हणून तिच्या आईला विचारून जे ठरलं तेच. तिला एकटीला बसवलं नाही. माझी लेक आणि अजून दोघी तिच्याबरोबर अर्धा-अर्धा फुलका घेऊन बसल्या.

शेंगदाण्याचं वेगळं सांगते, कारण आपल्या स्वयंपाकात ते कुठे कुठे असतात ते आपल्यालाच आठवत नाही. एका मुलाला ते चालत नव्हते. मग साबुदाण्याची खिचडी गेली, चिवडा गेला, भेळ गेली, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर गेली, आणि नेहमीची चटणीसुद्धा गेली. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट करतो ते घासून पुसून घेतलं, तेल सूर्यफुलाचं वापरलं. विकतचं काही आणलं तर पाकिटामागची ॲलर्जीची ओळ वाचा, ती बारीक अक्षरात असते. तसंच मार्शमेलोचं. पायजमा पार्टी म्हटली की कोणी ना कोणी ते सुचवतं, पण त्यात बहुधा जिलेटीन असतं, आणि जिलेटीन प्राण्यांपासून येतं. शाकाहारी घरातली मुलं असतील तर हिरवं चिन्ह बघितल्याशिवाय घेऊ नका.

जुनी चादर

मेनूच्या आधी हे सांगायलाच हवं. हॉलमध्ये एक मोठी जुनी डबलबेडची चादर अंथरा. खाणं फक्त तिच्यावर. गाद्यांवर काही नाही, आडवं होऊन तर मुळीच नाही, कारण हसता हसता घास अडकतो. मुलांना हा नियम शिक्षेसारखा सांगू नका, "ही आपली पंगत" म्हणा, ती आपोआप येऊन बसतात. खाणं झालं की चार कोपरे उचलायचे, गॅलरीत नेऊन झटकायचं, पुन्हा अंथरायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक बिस्किटाचा चुरा गादीत राहिला तर पहाटेपर्यंत मुंग्यांची रांग लागते.

या चादरीमुळे मेनूही आपोआप ठरतो. जे हातात धरता येतं, ठिबकत नाही, आणि सांडलं तर उचलता येतं, तेच करायचं. रस्सा, सांबार, सॉसमध्ये भिजलेले नूडल्स, सगळं बाद.

चांदण्या आणि पांघरूण

थीम म्हणून खूप खर्च करायची गरज नाही. दोनच गोष्टी थीमच्या करा, बाकी साधं ठेवा.

पहिली, शंकरपाळे. दिवाळी तोंडावर असते, तसे करायचेच असतात. अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर एकत्र गरम करून साखर विरघळवून घ्या, गार होऊ द्या, आणि त्यात मावेल तेवढा मैदा घालून घट्ट भिजवा. साधारण दोन ते अडीच वाट्या लागतो. तासाभराने जाडसर पोळी लाटायची आणि चांदणीच्या साच्याने कापायची. चंद्रकोरीला साचा लागत नाही. बाटलीच्या झाकणाने एक गोल कापा, मग तेच झाकण थोडं सरकवून पुन्हा दाबा, कोर सुटते. मधला डोळ्याच्या आकाराचा तुकडा उरतो, तो धाकट्याचा.

तळताना लक्ष द्यावं लागतं. चौकोनी शंकरपाळा सगळीकडून सारखा तळला जातो, चांदणीचं तसं नसतं. पाच टोकं आधी लाल होतात आणि पोट कच्चं राहतं. माझा पहिला घाणा असाच गेला: टोकं कडवट, मधे पिठूळ. दुसऱ्या घाण्याला पोळी जरा जाड ठेवली, तेल तापवून गॅस बारीक केला, आणि चांदण्या तेलात सोडल्यावर लगेच हलवल्या नाहीत. त्या तळाशी बसतात, मग एकेक करून वर येतात. वर आल्यावर झाऱ्याने उलटायच्या आणि टोकं बदामी दिसायला लागली की लगेच काढायच्या, कारण बाहेर काढल्यावरही रंग एक छटा चढतो. चंद्रकोरीचंही तेच, तिची दोन्ही टोकं नाजूक असतात. चार दिवस आधी करून डब्यात भरून ठेवा. एवढ्या मापात बारा मुलांना संध्याकाळभर पुरून रिटर्न गिफ्टच्या पुडीतही थोडे जातात.

दुसरी, केक. लेकीला केकवर पांघरूण हवं होतं. आमच्या गल्लीतल्या बेकरीतून दीड किलोचा चौकोनी, बिनअंड्याचा, साधा व्हॅनिला केक पांढऱ्या क्रीममध्ये घेतला. वरच्या कडेला मारी बिस्किटं ओळीने अर्धी अर्धी खोचली, ती झाली डोकी. चॉकलेट सॉसमध्ये काडी बुडवून मिटलेले डोळे काढले, आणि बिस्किटांच्या गळ्यापर्यंत गुलाबी क्रीमचं पांघरूण. बारा बिस्किटं, बारा मुलं. प्रत्येकाने आपलं डोकं शोधून खाल्लं. बिस्किटं कापायच्या अर्धा तास आधीच लावा, नाहीतर क्रीममध्ये मऊ पडून माना टाकतात. आठ जणांच्यासाठी एक किलो पुरतो. मोठी माणसं धरून वीसजण असतील तर दीड.

केकच्या आधी औक्षण. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याची आश्विनी करतात, म्हणजे औक्षण करून ओवाळतात, आणि माझी लेक थोरली. ढगांच्या चित्रांच्या पायजम्यात पाटावर बसली, सासूबाईंनी ओवाळलं, हातावर साखर ठेवली. मग इतर मुलांनी विचारलं, आमचं पण करा. सासूबाईंनी बाराही जणांना कुंकू लावलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

जेवण: आप्पे

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षं डोकं खाजवून, शेजारणींना विचारून, मी आप्प्यांवर येऊन थांबले आहे. आप्पा हातात मावतो, ठिबकत नाही, दोन घासांत संपतो, आतून मऊ आणि बाहेरून खरपूस असतो, आणि ज्या घरी इडली-डोसा होतो त्या घरच्या मुलाला त्याची चव परकी वाटत नाही.

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, एक चमचा मेथीदाणे. शुक्रवारी सकाळी भिजत घालायचे, रात्री वाटायचे, वाटताना मूठभर भिजवलेले पोहे. ऑक्टोबरात आमच्याकडे रात्रभरात पीठ भरपूर फुगतं, म्हणून मोठं पातेलं घ्या आणि खाली ताट ठेवा. शनिवारी सकाळी पीठ फ्रीजमध्ये टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबट होतं आणि आंबट आप्पा मुलं तोंडातून काढून ठेवतात. करायच्या तासभर आधी बाहेर काढून मीठ, किसलेलं गाजर, कोथिंबीर आणि खोबऱ्याचे अगदी बारीक तुकडे घालायचे. मिरची नाही. शेवटच्या दोन घाण्यांत कांदा-मिरची घालून मोठ्यांचे करा.

एवढ्या पिठात शंभराच्या आसपास आप्पे होतात. मूल सरासरी सहा-सात खातं, एखादा दहा खातो. बारा खळग्यांचं आप्पेपात्र असेल तर एका घाण्याला सहा-सात मिनिटं लागतात, म्हणजे आठ-नऊ घाण्यांना एक तास. सगळे आयत्या वेळी करायला जाऊ नका. अर्धे सहा ते साडेसहात करून डब्यात सुती फडका घालून झाका. फडका नसेल तर वाफेचं पाणी सुटून चिकट होतात. उरलेले अर्धे मुलं खात असताना. हे मुद्दाम करा. आप्पेपात्रावर तुपाचा थेंब पडतो, पीठ चर्र करतं, आणि काडीने आप्पा उलटला की खालची सोनेरी बाजू वर येते, हे बघायला मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी गोळा होतात. गॅसपासून लांब, उंबऱ्याच्या बाहेर उभं करा आणि प्रत्येकाला त्याचे दोन आप्पे सांगा: हा तुझा, हा पण तुझा. न खाणारं मूलसुद्धा आपला आप्पा सोडत नाही.

चटणी खोबरं आणि डाळ्याची, घट्ट, इतकी की चमचा उलटा केला तरी पडू नये. संध्याकाळी पाचनंतरच वाटा, उकाड्यात ओलं खोबरं लगेच उतरतं, आणि उरली तर रात्रीच टाकून द्या. बरोबर काकडीच्या उभ्या फोडी आणि द्राक्षं असतील तर द्राक्षं उभी चिरून. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं बसतं. धाकट्यामुळे मी पॉपकॉर्नही केले नाहीत, चार वर्षांच्या पोराने हसत हसत पॉपकॉर्न खाणं मला बघवत नाही. थोडी मोठीच मुलं असतील तर घरी फोडलेले चालतील, पण बसून, आणि दिवे चालू असताना.

मऊ भाताचं पातेलं

हे कोणाच्याही पार्टीच्या यादीत नसतं, आणि याच्याशिवाय मी पुन्हा पायजमा पार्टी करणार नाही. दोन वाट्या जुना तांदूळ कुकरला जरा जास्त पाण्यात मऊ शिजवायचा, शेजारी तूप आणि मेतकुटाची बाटली ठेवायची. वाढायचा नाही, विचारायचं नाही, नुसता तयार असू द्यायचा.

आप्प्यांच्या गडबडीत एक मुलगी खिडकीशी जाऊन बसली. तिने दोन आप्पे ताटलीत ठेवले होते, खाल्ले नव्हते. काय गं, विचारलं तर मान हलवली. आठला म्हणाली, "मला आईकडे जायचंय." रडत नव्हती, पण खालचा ओठ दातात धरला होता. फोन लावून देते म्हटलं, आधी थोडा भात खातेस का? मेतकूट-तूप-भात कालवून छोट्या वाटीत दिला. ती चादरीवर न बसता माझ्याशेजारी ओट्याखाली पाटावर बसली. पहिला घास अगदी छोटा. मग म्हणाली, "आजी असाच करते, पण त्यात मीठ जास्त असतं." मी चिमूट मीठ घातलं. वाटी संपली, दुसरी घेतली. आईशी फोनवर बोलली तेव्हा सांगत होती, मी भात खाल्ला. त्यानंतर ती गाद्यांवर गेली, आणि सकाळी तिला शेवटी उठवावं लागलं.

भात उरला तर बाहेर ठेवू नका. जेवणं आटोपल्यावर तासाभरात फ्रीजमध्ये, उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मुलांना सकाळी घालायचा नाही.

गच्चीवरचं दूध

दोन लिटर म्हशीचं दूध बारा मुलांना अर्धा-अर्धा कप आणि चार-पाच मोठ्यांना पुरतं. दुपारीच उकळायला ठेवा, पाव भाग आटवा, पाऊण वाटी साखर, वेलदोड्याची पूड, केशराच्या काड्या, आणि जायफळ किसणीवर चार-पाच वेळा घासून, एवढंच. जायफळाने झोप चांगली लागते असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून कोणी जास्त घालतं. नका घालू, जास्त झालं तर कडवट लागतं आणि मुलांना बाधतं. काजू-बदाम-पिस्त्याची पूड दुधात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला चालते त्याच्या पेल्यात वरून.

दूध कोमट करून स्टीलच्या कानवाल्या कपात, अर्धाच कप. सगळे चपला घालून गच्चीवर. सव्वाआठला चंद्र समोरच्या इमारतीच्या टाकीच्या बराच वर होता. प्रत्येकाने कपात चंद्र पकडायचा आणि मग प्यायचं. कप हलला की चंद्र फुटतो, म्हणून बारा मुलं श्वास धरून उभी होती. आमच्या जैन मैत्रिणीला दूध नव्हतं. तिच्या हातात मी सुक्यामेव्याची वाटी आणि चमचा दिला, आणि कोणाला किती घालायचं ते तिने ठरवलं. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या कपावर तिने स्वतःहून हात ठेवला: "तुला नाही."

आकाश ढगाळ असेल तर खिडकीत बॅटरी धरा, चंद्र तसाही पकडता येतो. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना शहाळ्याचं पाणी किंवा कोमट वेलदोड्याचं साखरपाणी. दुधानंतर दात, मग फक्त दोन घोट पाणी, प्रत्येकाची नाव लिहिलेली बाटली उशापाशी. चार जण इथून घरी गेले.

रात्रीची केळी

ओट्यावर एका ताटलीत वेलची केळी झाकून ठेवा. रात्री कोणी उठलं तर केळं द्यायचं. सोलायला आवाज नाही, चुरा नाही, दिवा मोठा लावावा लागत नाही, पोटाला जड नाही. बिस्किटांचा पुडा ठेवला तर एक उठते आणि कागदाच्या आवाजाने आठ उठतात. मुलींना झोपायच्या आधी सांगून ठेवा, भूक लागली तर मला उठवायचं, मी रागावणार नाही. त्या रात्री पावणेअकराला एक उठली, दोन केळी खाल्ली, आणि पुन्हा झोपली.

सकाळ

सकाळी तुम्ही दमलेल्या असता, मुली सहालाच उठतात, आणि नऊला आईवडील घ्यायला येतात. सकाळी काही नवं करायला जाऊ नका. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आदल्या दिवशीच करून ठेवते. कणीक, थोडं बेसन, तीळ, ओवा, हळद, मीठ, आणि तिखट नावापुरतं. भिजवताना गरम तेलाचं मोहन. घट्ट भिजवून लहान पुऱ्या लाटायच्या, तळून पूर्ण गार करून डब्यात. गरम असताना झाकण लावलं तर वातड होतात. दोन दिवस छान राहतात, प्रवासाला नेतो तशा. प्रत्येकीला चार धरा, म्हणजे पन्नास केल्या की येणारे आईबाबाही त्यात बसतात. बरोबर गोड दही, पण लहान वाट्यांत, आणि चादरीवर.

चहाचं आधण मोठं ठेवा. न्यायला येणारे दारातून निघतो म्हणतात आणि मुली चपला शोधायला अर्धा तास लावतात. त्या अर्ध्या तासात कोण काय जेवलं, किती वाजता झोपलं, रात्री उठलं का, हे प्रत्येक घरच्यांना नीट सांगा. ज्या आईने हळूच सांगितलं होतं तिला फक्त "सगळं छान झालं" एवढं म्हणा, तिला कळतं.

उरतील तेवढ्या पुऱ्या कागदात गुंडाळून प्रत्येकीच्या पिशवीत घाला, ओल्या टूथब्रशपासून लांब, वरच्या कप्प्यात.